कुटुंबनियोजन : बाबासाहेबांचा ठराव आणि आपले घर



भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांच्या कार्यावर भाषणे होतात. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे विषय आपली शाळकरी मुलेसुद्धा तोंडपाठ बोलतात. परंतु १० नोव्हेंबर १९३८ रोजी काय घडले, असे विचारले तर भल्याभल्या कार्यकर्त्यांना सांगता येत नाही. त्या दिवशी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात हजर नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला.

त्या ठरावात सरकारला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा. दुसरी, त्यासाठी लागणाऱ्या सोयी सरकारने पुरेशा प्रमाणात उपलब्ध करून द्याव्यात. ठरावावरच्या भाषणात बाळंतपणात मरणाऱ्या आणि कायमच्या खंगणाऱ्या स्त्रियांची बाजू मांडलेली आहे. बाईला ज्या कळा सोसाव्या लागतात त्या पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मूल कोणत्याही पुरुषाने पत्करले नसते, असा रोखठोक मुद्दा त्यात आहे. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारणेही तेव्हा असभ्य समजले जात होते.

बाबासाहेबांना हा विषय नवीन नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांचे वकील म्हणून बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या माणसाच्या सावलीला उभे राहायलाही प्रतिष्ठित लोक तयार नव्हते, त्याची बाजू आपल्या बापाने घेतली होती, हे आपण विसरता कामा नये.

आज हे सांगण्याचे कारण असे की, ठरावातली पहिली गोष्ट, म्हणजे प्रचार, पुढे सरकारने भरपूर केला. दुसरी गोष्ट, म्हणजे सोय, अर्धीमुर्धी झाली. आणि भाषणात पुरुषांना जे ऐकवले होते, ते तर आपल्या घरांतसुद्धा अजून पोहोचलेले नाही. वस्तीत दहा घरांत विचारून पाहा. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन कुणाचे झाले? दहाही घरांत उत्तर एकच येईल, ‘आमच्या हिचं.’

हे असे का झाले, ते थोडे मागे जाऊन पाहू.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा आपला देश जगात पहिला. दवाखान्यांच्या भिंतींवर लाल त्रिकोण आला, १९६८ पासून निरोध स्वस्तात मिळू लागला. त्या काळात पुरुषांची नसबंदी मोठ्या प्रमाणावर होत असे. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शिक्षकांना, सरकारी नोकरांना ‘केसेस’ आणण्याचे आकडे ठरवून दिले गेले. आकडा भरला नाही तर पगार अडत असे.

आपला सोलापूर जिल्हाही यातून सुटला नाही. १९७६ च्या आरंभी बार्शीत बाजारहाटाला आलेल्या खेडुतांना गाड्यांत घालून नेले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या गेल्या. बार्शीचे हे प्रकरण तेव्हा देशभर गाजले. त्या दिवसांत सरकारी गाडी दिसली की माणसे ज्वारीच्या रानात शिरत, असे आपल्या भागातली जुनी माणसे अजून सांगतात. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्या गाड्यांत कोण भरले गेले असेल, हे आपल्याला सांगायला नको. ज्याच्या मागे वकील नाही, पुढारी नाही, ज्याला अर्ज लिहिता येत नाही, तोच सापडतो.

१९७७ मध्ये सरकार बदलले. खात्याचे नाव ‘कुटुंबनियोजन’ होते ते ‘कुटुंब कल्याण’ झाले. १९७७-७८ मध्ये देशभरातल्या नसबंदी शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या. पुरुषांच्या मनात नसबंदीची जी धास्ती बसली ती आजतागायत गेलेली नाही. पण सरकारचे काम थांबले नव्हते. पुरुष हाती लागेना, तेव्हा मोर्चा बाईकडे वळला. दुर्बिणीच्या ऑपरेशनची सोय तेव्हाच आली होती. एका दिवसात अनेक बायकांचे ऑपरेशन करता येऊ लागले आणि गावोगाव शिबिरे भरू लागली. पुरुषाच्या भीतीची किंमत बाईने आपल्या पोटावर टाके घेऊन मोजली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली आहे अशा स्त्रिया केवळ ०.३ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राची ही स्थिती आहे.

शिबिरांमध्ये बायकांचे काय होत होते, तेही पाहू. ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांची ऑपरेशने झाली. वास्तविक एका सर्जनने दिवसाला तीसपेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत, असा सरकारचाच नियम होता. त्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मरण पावल्या. त्या सगळ्या गरीब घरच्या, मजुरी करणाऱ्या होत्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल दिला. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, छुप्या रीतीने आकडे ठरवून कर्मचाऱ्यांना लोकांवर जबरदस्ती करायला लावू नये, आणि मूल व्हावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालाचे सार आहे. ज्या घटनेचा आपण जयघोष करतो, तिच्यात आपल्या लेकीसुनांचा हा हक्क आहे.

सबब, या बाबतीत आपली भूमिका दोन्ही बाजूंनी स्पष्ट असली पाहिजे. सक्ती कुणाचीच सहन करायची नाही, सरकारचीही नाही आणि सासूची-नवऱ्याचीही नाही. आणि सोय मात्र हक्काने मागून घ्यायची.

आता सोयी कोणत्या आहेत ते नीट समजून घ्या. कारण आपल्या बहुतेक भगिनींना दोनच गोष्टी माहीत असतात, ‘मुले होऊ द्यायची’ आणि ‘ऑपरेशन करून टाकायचे’. विसाव्या वर्षी लग्न, पंचविशीच्या आत दोन बाळंतपणे आणि लगेच ऑपरेशन, असा क्रम ठरून गेला आहे. मधल्या साधनांचे नावही कुणी सांगत नाही.

उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात पुढील साधने मोफत मिळतात. निरोध आहे, त्याने गुप्तरोग आणि एड्सपासूनही संरक्षण मिळते. रोज घ्यायची माला-एन गोळी आहे. ‘छाया’ नावाची गोळी आहे, ती लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. ‘अंतरा’ नावाचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. छाया आणि अंतरा ही दोन्ही साधने २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत येऊ लागली. अंतरा घेतल्यावर पाळी अनियमित होते, कधी थांबते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरते आणि दुसऱ्या इंजेक्शनला जातच नाही. म्हणून डॉक्टरांकडून तपासून आणि विचारून घ्यावे. तांबी पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशी दोन प्रकारची मिळते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच ती बसवून घेता येते आणि नको असेल तेव्हा काढता येते. अचानक चूक झाली तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळीही आशाताईकडे किंवा केंद्रात मिळते. ती नेहमीची गोळी म्हणून घ्यायची नाही.

एखाद्या ठिकाणी ‘साठा संपला’ असे उत्तर मिळते. एकदा ऐकून परत येऊ नका. पुन्हा विचारा, आणि तरीही मिळाले नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या, पोच घ्या. ऊसतोडीला, वीटभट्टीला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच गोळ्यांची, निरोधची सोय करून ठेवावी. टोळीबरोबर गेल्यावर ओळखीची आशाताई नसते.

ऑपरेशनचे नियमही माहीत असावेत. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे शस्त्रक्रिया करून घेणारी व्यक्ती विवाहित असावी, स्त्रीचे वय २२ ते ४९ असावे, पुरुष साठीच्या आतला असावा आणि जोडप्याला किमान एक वर्षाहून मोठे एक मूल असावे. ‘दोन मुलगे असल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही’ असा नियम कोठेही नाही. एक मुलगी किंवा दोन मुली असल्या तरी ऑपरेशन करता येते. दुसरे, नवऱ्याची किंवा बायकोची संमती या शस्त्रक्रियेला लागत नाही. जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची तिचीच सही लागते. तरीही काही ठिकाणी ‘मालकाला घेऊन या’ म्हणून बाईला परत पाठवतात. नवरा-बायकोने विचारविनिमय करूनच ठरवावे हे खरे, पण दारुड्या नवऱ्याच्या सहीसाठी चौथे बाळंतपण माथी मारून घेण्याचे कारण नाही. संमतीपत्र आपल्या भाषेतले असावे, ते वाचून दाखवायला सांगावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

पैशांचे म्हणाल तर, बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून केंद्र सरकारने २००७ मध्ये जे दर ठरवले, त्यात आपल्यासारख्या राज्यात पुरुष नसबंदीला ११०० रुपये, दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला ६०० रुपये आणि इतर स्त्रियांना २५० रुपये आहेत. पुरुषाचे ऑपरेशन सोपे असूनही रक्कम जास्त आहे, कारण कुणी पुढे येत नाही! १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळतात, म्हणून जातीच्या दाखल्याची प्रत आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे. चालू दर आपल्या केंद्रात विचारून घ्यावा.

मी पेशाने कारकून आहे. कागदाचे महत्त्व मला जरा जास्त कळते, म्हणून पुढचा मुद्दा विशेष आग्रहाने सांगतो. ऑपरेशन झाल्यावर मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवा. स्त्रीला साधारण महिन्यानंतर किंवा पहिली पाळी आल्यावर आणि पुरुषाला तीन महिन्यांनंतर वीर्यतपासणी झाल्यावर नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते. ते मागून घ्यावे लागते, घरी कुणी आणून देत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका भगिनीला ऑपरेशननंतर दोन वर्षांनी दिवस गेले. सगळी वस्ती तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागली. नवऱ्याने संशय घेतला, माहेरी धाडले. वास्तविक स्त्रीचे असो वा पुरुषाचे, हजारांतली काही ऑपरेशने कितीही चांगला डॉक्टर असला तरी फसतात. त्यात बाईचा दोष नसतो. तिच्यासाठी महिला मंडळाच्या भगिनी नवऱ्याला भेटल्या, डॉक्टरांकडून त्याला समजावले, तेव्हा कुठे संसार सावरला. पण भरपाईचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा एकही कागद हाती नव्हता. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत पाणी शिरून सगळे भिजून गेले होते. दवाखान्याच्या नोंदवहीत तिचे नाव शोधेपर्यंत मुदत निघून गेली.

अशा प्रसंगांसाठी सरकारची कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजना आहे. २०१३ च्या नियमावलीप्रमाणे शस्त्रक्रिया फसून दिवस गेल्यास ३० हजार रुपये, गुंतागुंत झाल्यास उपचारासाठी २५ हजारांपर्यंत, सात दिवसांच्या आत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि आठ ते तीस दिवसांत मृत्यू झाल्यास ५० हजार रुपये अशा रकमा होत्या. आजचा आकडा केंद्रात विचारून घ्यावा. घटना घडल्यापासून ९० दिवसांच्या आत दावा दाखल करावा लागतो. पाळी चुकली तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब दवाखान्यात जा. आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जातीच्या दाखल्याबरोबर, शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ठेवा.

आणखी एक गोष्ट भगिनींनी मनात पक्की ठेवावी. नस बांधणे वेगळे आणि पिशवी काढणे वेगळे. पिशवी काढणे हा कुटुंबनियोजनाचा उपाय नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून कमी वयाच्या बाया या ऑपरेशनला उभ्या राहिल्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही साखर कारखाने गावोगाव आहेत आणि टोळ्या येतात-जातात. अंगावर जाते, पोटात दुखते म्हणून कुणी लगेच ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले, तर सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

आता वळतो आपल्या पुरुष मंडळींकडे.

नसबंदी केली की अंगातली ताकद जाते, जड काम होत नाही, पुरुषत्व जाते, असे पारावर बसून सांगणारे पुष्कळ आहेत. ते साफ खोटे आहे. चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये शोधलेली बिनटाक्याची पद्धत आता आपल्याकडेही वापरतात. भूल देऊन तेवढाच भाग बधिर करतात, कातडीला बारीक छिद्र पाडतात आणि वीर्यात शुक्रजंतू नेणारी नळी बंद करतात. वीस-पंचवीस मिनिटांत काम होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड ओझे उचलू नये. अंडकोष काढत नाहीत, पुरुषी संप्रेरके पूर्वीसारखीच तयार होतात, संबंधात काही फरक पडत नाही. फक्त ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते. हे न केल्यामुळे दिवस जातात आणि नावे मात्र बायकोला ठेवतात.

उलट बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते, भूल जास्त द्यावी लागते, धोका जास्त असतो. आणि आपल्या घरात तिला विश्रांती किती मिळते? आठव्या दिवशी हंडा डोक्यावर आणि पंधराव्या दिवशी खुरपे हातात. ‘माझा खाडा पडेल’ असे म्हणणाऱ्या बंधूंनी बायकोचा खाडा कधी मोजला आहे काय? चिंचोळीच्या एमआयडीसीत जाणाऱ्याचा रोज बुडतो, तसा शेतमजुरी करणारीचाही बुडतो. शिवाय घरचे काम कुणी करायचे, हा हिशेब राहतोच.

काही बांधव दुसराच प्रश्न विचारतात. ‘आपण दोनवर थांबलो तर समाजाची संख्या घटेल, मते घटतील. मग राजकारण कसे करायचे?’ हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी कुजबुजत्या स्वरात विचारला जातो, म्हणून उघड उत्तर देतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत हजारो स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले. लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देणे हा गुन्हा आहे, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, असा त्यांचा उपदेश होता. माणसे मोजून समाज मोठा होत असता तर गावकुसाबाहेर आपण कधीच राहिलो नसतो. दोन मुले शिकून नोकरीला लागली की घर उभे राहते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. सहा भावंडांतल्या थोरल्या बहिणीची शाळा धाकट्यांना सांभाळण्यासाठी सुटते, हेही पाहिले आहे.

काही उपासिका विचारतात, संततिनियमन म्हणजे हिंसा तर नाही ना, पहिले शील तर मोडत नाही ना? गर्भ राहण्यापूर्वीच तो राहू नये म्हणून घेतलेली काळजी म्हणजे जीव घेणे नव्हे. बौद्ध देशांकडे पाहा. थायलंडमध्ये मेचाई विरवैद्य यांनी गर्भनिरोधकांचा घरोघर प्रसार केला, तेव्हा भिक्खूंनी निरोधच्या पाकिटांवर मंगलजल शिंपडून लोकांची भीती घालवली. भूतानमध्ये २०१० च्या पाहणीत स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण जास्त आढळले. डोंगरातला तो छोटा बौद्ध देश हे करू शकतो, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेले आपण का नाही?

आमच्या ओळखीच्या एका बंधूंनी दुसऱ्या मुलीनंतर स्वतः नसबंदी करून घेतली. ते हमाली करतात. पहिले काही दिवस वस्तीत थट्टा झाली, चहाच्या टपरीवर टोमणे झाले. महिनाभरात ते पूर्वीसारखी पोती उचलू लागले आणि टोमणे आपोआप बंद पडले. त्यानंतर त्यांच्याच गल्लीतले दोघे जण हळूच येऊन, कुणाला कळू न देता, कुठे जायचे ते विचारून गेले. शंभर पोस्टरांनी जे होत नाही ते एका माणसाच्या अनुभवाने होते.

म्हणून एक सूचना करतो. वर्षावासात आपल्या विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, नर्सबाईंना आणि आशाताईंना बोलवा. नेहमी अशा कार्यक्रमाला बायका समोर बसतात आणि पुरुष दाराबाहेर तंबाखू मळत उभे राहतात. त्या दिवशी पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा. लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींना मुद्दाम आणा. आणि दरवर्षी १० नोव्हेंबरला, १९३८ च्या त्या ठरावाची आठवण म्हणून, आपल्या महिला मंडळाने जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन कोणकोणती साधने उपलब्ध आहेत याची यादी मागावी. नसलेल्या साधनांसाठी लेखी अर्ज द्यावा.

विधानसभेत तो ठराव हरला. आज त्यासाठी विधानसभेची वाट पाहायची गरज नाही, प्रत्येक घरात नवरा-बायकोने मिळून तो मंजूर करायचा आहे.

जयभीम!